‘मृत्युंजय’ आवडली नाही, हे बोलायचं की गिळायचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या आम्ही काही जणी दर महिन्याला एक कादंबरी वाचून तिच्यावर बोलायला जमतो. कुणी ऐतिहासिक सुचवतं, कुणी ग्रामीण, कुणी भुताखेतांची. बँकेतली नोकरी आणि घर यांत माझं वाचन पार सुटलं होतं, ते या निमित्ताने पुन्हा सुरू झालं. मी प्रत्येक पुस्तकाबद्दल वहीत चार ओळी खरडते आणि तिथे वाचून दाखवते. ‘बनगरवाडी’ला मी पैकीच्या पैकी दिले. ‘शाळा’ वाचताना नववीचे दिवस आठवून डोळे भरून आले. नेमाड्यांची ‘कोसला’ कंटाळून अर्ध्यात सोडली. ‘रणांगण’च्या नायकाचा इतका राग आला की पुस्तक आपटलं. नारायण धारपांची भयकादंबरी ‘लुचाई’ मात्र रात्री जागून संपवली. इथपर्यंत सगळ्या हसत होत्या. गेल्या महिन्यात ‘मृत्युंजय’ होती. मी लिहिलं होतं, ‘फुगवलेली. निम्मी पानं चालली असती. ज्यांना मोठ्या आवाजातलं आवडतं त्यांच्यासाठी.’ आमच्यातल्या एक काकू काही न बोलता उठून गेल्या. नंतर कळलं, त्यांच्या यजमानांनी लग्नानंतर त्यांना दिलेलं ते पहिलं पुस्तक, आणि यजमान गेल्याच वर्षी गेले. आता कुजबुज सुरू आहे. एकीने तर विचारलं, ‘इतक्या पिढ्यांना आवडलं, ते सगळे वेडे आणि तूच शहाणी का?’ मी माफी मागू का? की यापुढे मत वहीतच ठेवू? आणि खरं सांगा, धारप आवडतात आणि नेमाडे झेपत नाहीत, म्हणजे माझी आवड हलकी आहे का?
– एक फटकळ वाचक, अकोला

उत्तर :

ताई, तुमच्या त्या तीन वाक्यांतली पहिली दोन राहू द्या, तिसरं खोडा. ‘फुगवलेली’ हे कादंबरीबद्दल आहे. ‘निम्मी पानं चालली असती’ हेही कादंबरीबद्दल आहे. ‘ज्यांना मोठ्या आवाजातलं आवडतं त्यांच्यासाठी’ हे मात्र समोर बसलेल्या बायकांबद्दल आहे. काकूंचा संदर्भ तुम्हाला ठाऊक नव्हता, त्यामुळे त्यांच्या दुःखाचा दोष तुमच्या माथी नाही. पण ते यजमानांचं पुस्तक नसतं आणि काकू सुखात असत्या, तरी ते वाक्य वाईटच होतं. त्याने कादंबरीचा एकही दोष दाखवला नाही. ती आवडणाऱ्यांना तेवढं एका ओळीत निकालात काढलं.

तेव्हा माफी मागा, पण तेवढ्या एका वाक्याची. आणि ती गटात सगळ्यांसमोर मागू नका, नाहीतर तो आणखी एक कार्यक्रम होऊन बसेल. एका संध्याकाळी काकूंकडे जा. ‘काकू, मी पुस्तकाबद्दल बोलायचं सोडून वाचणाऱ्यांना टोमणा मारला, ते चुकलं,’ एवढं म्हणा आणि चहा घ्या. ‘तसं पुस्तक छानच आहे हो’ असं मात्र चुकूनही म्हणू नका. खोटी स्तुती मोठ्या माणसांना लगेच कळते, आणि टीकेपेक्षा जास्त लागते. जमलं तर विचारा, कर्ण, कुंती, कर्णाची बायको वृषाली, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण, कथा सांगणाऱ्या या सहा जणांत तुम्हाला कुणाचं निवेदन सगळ्यात जवळचं वाटतं? वृषालीचं म्हणाल्या तर का, ते ऐकून घ्या. तिथे तुमचं मत सांगायची काहीच गरज नाही. कुणाच्या तरी आठवणीचं पुस्तक आणि महिन्याच्या चर्चेचं पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत, भले मुखपृष्ठ एकच असो.

आता तुमचं मत. ते गिळू नका, पण धड तरी सांगा. ‘फुगवलेली’ म्हणून तुम्ही थांबलात, तिथून पुढे खरं काम सुरू होतं. कुठे फुगली? ‘मृत्युंजय’ १९६७ ची. शिवाजी सावंतांनी सहा जणांच्या तोंडून कर्णाची कथा सांगितली, आणि ती रचना त्या काळात मोठी हिमतीची होती. दोष मला दिसतो तो तिथेच. सहा जण बोलतात, पण भाषा एकाचीच. सूतपुत्र शोण बोलतो आणि द्वारकेचा राणा बोलतो, दोघांच्या वाक्यांना तोच डौल, तोच उपमांचा भार. राजवाड्यातल्या कुंतीचा विचार ज्या लयीत येतो त्याच लयीत वृषालीचा. शीर्षकं झाकून मधलं एखादं पान समोर धरलं, तर हा कोण बोलतोय हे प्रसंगावरून ओळखावं लागतं, आवाजावरून ओळखता येत नाही. तुम्हाला जो फुगवटा जाणवला तो बहुधा पानांचा नसावा, या एकसुरीपणाचा असावा. असं बोललात तर काकूसुद्धा वाद घालतील, उठून जाणार नाहीत. वाद घालण्याजोगं काहीतरी त्यांच्या हातात आलेलं असेल.

आणि हा दोष एकट्या सावंतांचा नाही, हेही गटात सांगा. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, आणि तिघांच्याही आत बसलेले खांडेकर मधूनमधून सुविचार सांगत असतात. त्या पुस्तकाला साहित्य अकादमी मिळालं, पुढे १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं. मिळो बापडं. पुरस्काराने पुस्तकाचं स्थान कळतं, तिसऱ्या प्रकरणात आपल्याला जांभई का आली ते कळत नाही.

‘इतक्या पिढ्या वेड्या का’ या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं, कारण प्रश्न विचारणारी बाई अगदीच चूक नाही. पिढ्यान्पिढ्या एखादं पुस्तक वाचनालयाच्या कपाटात टिकत नाही, सतत बाहेर फिरत राहतं, पानं सुटून पुन्हा शिवली जातात, तेव्हा त्यात काहीतरी असतंच. ‘मृत्युंजय’मध्ये ते काय आहे? हरलेल्याला बोलायला मिळतं. जन्माने नाकारलेला, गुणाने मोठा आणि आयुष्यभर ‘तू कुणाचा’ या एकाच प्रश्नाने पोळलेला माणूस सलग बोलतो, आणि मधे कुणी त्याला अडवत नाही. हे ज्याला स्वतःच्या आयुष्यात कधी ना कधी सोसावं लागलं, त्याला भाषेचा डौल जड वाटत नाही, उलट आपल्या दुःखाला एवढं भरजरी वस्त्र मिळालं याचाच आनंद होतो. तेव्हा मैत्रिणीला सांगा, वेडं कुणीच नाही. त्यांना का आवडलं ते मला दिसतं, आणि मला काय खटकलं तेही दिसतं. दोन्ही एकाच बैठकीत बोलता आलं म्हणजे झालं.

परखडपणाची आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे, आणि तिच्यात दोन तऱ्हा आहेत. एक पाहायची असेल तर रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना काढा. समीक्षक नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात ती आहे. प्रस्तावना म्हटली की आपण पाठ थोपटणं धरून चालतो. कुरुंदकर मात्र शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात आहे, याचा स्वतःचा विचार लेखकापुढे मांडत जातात, कारणं देत, पुरावा तपासत. आणि ते पत्र त्याच कादंबरीच्या पुढ्यात छापलेलं आहे. दुसरी तऱ्हा भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’च्या वाट्याला आली. नाक्यावरच्या पोरांची रांगडी भाषा जशीच्या तशी कागदावर उतरल्याबरोबर आचार्य अत्रे तुटून पडले, अश्लीलतेचा कल्लोळ झाला. त्या धुरळ्यात कितीतरी दिवस पुस्तकातली माणसं कुणी पाहिलीच नाहीत. अत्र्यांची लेखणी तुमच्या-माझ्यापेक्षा हजारपटीने धारदार होती, यात वाद नाही. पण आज त्या भांडणातून ‘वासूनाका’ कळत नाही, अत्रे कळतात.

तुम्हाला कुरुंदकर व्हायची गरज नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये कुणी एवढं ऐकूनही घेणार नाही. पण ‘फुगवलेली’ हा शब्द मनात आला की त्याच क्षणी पान क्रमांक लिहून ठेवायची सवय लावा. शंभरातल्या नव्वद वेळा पान शोधताना मत बदलतं, निदान बारीक तरी होतं.

‘कोसला’चंच घ्या. ‘कंटाळून अर्ध्यात सोडली’ असं तुम्ही लिहिलंत. मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते, अर्ध्यात म्हणजे नेमकी कुठे? हा प्रश्न खोचक नाही, या कादंबरीपुरता तो फार महत्त्वाचा आहे. पंचविशीतल्या नेमाड्यांनी १९६३ साली ही लिहिली, तेव्हा मराठी कादंबरीत नायकाने काहीतरी करून दाखवायचं असा शिरस्ता होता. पांडुरंग सांगवीकर काही करत नाही. पुण्याला होस्टेलवर राहतो, बापाचे पैसे उडवतो, मेस आणि गॅदरिंगच्या भानगडी करतो, सगळ्याच्या मागे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ लावतो. मधेच बखरीच्या थाटात लिहायला लागतो. या सगळ्याचा कंटाळा येऊ शकतो. पहिल्या वाचनात अनेकांना येतो, आणि तो लपवून ‘वा, काय शैली!’ म्हणणाऱ्यांपेक्षा तुम्ही बऱ्या.

पण मनीचा मृत्यू तुम्ही वाचलात का? ही धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, आणि तोवर टवाळ वाटणारा हाच आवाज अचानक सोलवटून निघतो. तेच ‘वगैरे’ आता विनोदाचं राहत नाही, बोलता येत नाही म्हणून तोंडात येतं. तिथे कळतं की आधीची टवाळी म्हणजे काही मजा मारणं नव्हतं. ते प्रकरण वाचूनही सोडली असेल, तर तुमचा कंटाळा कादंबरीवरचा आक्षेप म्हणून मला मान्य, आणि आपण त्यावर भांडू. त्याच्या आधीच सोडली असेल, तर ‘अमुक पानाला सोडली, तोवर नायकाचा कंटाळा आला होता’ एवढंच म्हणा. ते खरं आहे आणि त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. ‘कोसला कंटाळवाणी’ हे मात्र न पाहिलेल्या अर्ध्या घराची किंमत करण्यासारखं झालं.

सोडायला माझी ना नाही, बरं का. त्यांचीच ‘हिंदू’ २०१० ला आली, तिच्यात मोहेंजोदडोपासून खानदेशातल्या गावापर्यंत इतकं काही साठवलेलं आहे की सोडून देणारे, पुन्हा धरणारे आणि मधूनच कुठूनही वाचणारे असे तिन्ही प्रकारचे वाचक मी पाहिले. तिघेही तावातावाने बोलतात. पुस्तक पूर्ण करणं हे काही व्रत नाही, उद्यापन राहिलं म्हणून कोप होणार नाही.

‘रणांगण’वरचं तुमचं मत मला सगळ्यात आवडलं, आणि तुम्हाला वाटतं ती कादंबरीवरची टीका आहे. मला ती दाद वाटते. विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये, महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट उभी केली. तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा. तिच्या प्रेमाला चक्रधर जे उत्तर देतो, त्याने चीड यावी अशीच त्याची घडण आहे. आधीच्या एका प्रेमभंगाचा सूड तो जगातल्या सगळ्या बायकांवर उगवत फिरणारा. तो मुंबईला उतरतो, तिला पुढे जावं लागतं. या माणसाचा राग आला नाही तर कादंबरी वायाच गेली म्हणायची. नायक आवडणं आणि कादंबरी आवडणं यांची गल्लत आपण मालिका बघून बघून करायला लागलो आहोत. पुस्तक आपटलंत ना? मग वहीत ‘नायक नालायक, कादंबरी जबरदस्त’ असं लिहा. ते जास्त खरं आहे.

‘शाळा’बद्दल मी तुमच्याशी थोडं भांडणार. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी मलाही प्रिय आहे, २००४ ला आली तेव्हापासून. पण ‘नववीचे दिवस आठवून डोळे भरले’ हे मत ‘शाळा’बद्दल नाही, तुमच्या नववीबद्दल आहे. मुकुंद आणि शिरोडकर बाजूला ठेवून स्वतःचा वर्ग, स्वतःचा बाक आठवून रडायला कुठलीही शाळेची गोष्ट पुरते. बोकीलांनी काय केलं ते पाहा. मागे आणीबाणी चालू आहे, मोठी माणसं दबक्या आवाजात बोलताहेत, आणि सांगणारा मुलगा नववीत आहे. लेखकाने त्याला नववीपेक्षा एक इयत्ताही पुढे जाऊ दिलेलं नाही. त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला मिळतं, बाकीचं आपण आपलं ओळखायचं. ज्याने तसली शाळा कधी पाहिली नाही अशा आजच्या इंग्रजी माध्यमातल्या पोराला ही कादंबरी देऊन बघा. त्यालाही पकडून ठेवलं तर ते कादंबरीचं बळ, नाहीतर आपल्या आठवणींचं.

‘बनगरवाडी’ला पैकीच्या पैकी! द्या, माझी तक्रार नाही. फक्त गुणपत्रिकेपुढे एक ओळ हवी होती. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटीशी कादंबरी १९५५ ची. कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, वाडी मिळून तालीम बांधते, राजा येऊन जातो, आणि पुढे दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, एकेक घर रिकामं होतं. लेखक कुठेही गळा काढत नाही. ‘मृत्युंजय’ पाठोपाठ चर्चेला घेतली असती तर तुमचं म्हणणं तुम्हाला न बोलताच सिद्ध करता आलं असतं. असो.

राहिली तुमची हलकी आवड. धारप आवडले म्हणून कुणी आवडीची इयत्ता ठरवत असेल तर त्याला एकट्याला घरात ठेवून ‘लुचाई’ वाचायला द्या. भयकादंबरीला पहिला प्रश्न एकच, भीती वाटली का? तुम्ही जागून संपवलीत, विषय मिटला. दुसरा प्रश्न विचारायचाच असेल तर असा : ‘लुचाई’चा सांगाडा स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आहे. मग धारपांनी तो आपल्या गावात उतरवताना काय काय बदललं, आणि आपल्या अंगावर काटा आला तो अमेरिकेच्या भुताने की आपल्या ओळखीच्या वाड्याने? हे तुमच्या गटात बोलून बघा. गंभीर कादंबरीवर होते त्यापेक्षा जोरात चर्चा होईल. नेमाड्यांना भीती घालायची नव्हती, धारपांना पिढीचं रितेपण सांगायचं नव्हतं. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की दोघेही तोकडे पडणारच.

ऐतिहासिकातही हाच घोळ होतो, म्हणून जाता जाता. रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचताना थेऊरला माधवराव पेशव्यांचा शेवट जवळ आला की आपण रडतो, कारण देसाईंना ते पती-पत्नीचं नातं रंगवायचं होतं आणि त्यांनी ते रंगवलं. पेशवाईचा जमाखर्च तिथे शोधू नये. त्यासाठी नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ घ्या. तिचा अंताजी हा ना वीर ना मुत्सद्दी, बंगालच्या स्वाऱ्यांच्या आणि प्लासीच्या धामधुमीतून अंग चोरून वाट काढणारा चलाख माणूस. त्याच्या नजरेतून मराठ्यांची शर्थ बघितली की हसू येतं, आणि नंतर जरा अडचणीतही पडायला होतं. हे दोन्ही एका महिन्यात ठेवा आणि कुजबुज करणाऱ्यांना बोलतं करा.

मत वहीत ठेवू नका, वाचून दाखवत राहा. फक्त शेवटून दुसरी ओळ ही ज्याला पुस्तक आवडलं त्याच्या बाजूने लिहायची, असा नियम स्वतःला घालून घ्या. ‘आवडणाऱ्यांना यात हे सापडत असेल’ एवढी एक ओळ. ती लिहिताच आली नाही तर समजा, अजून पुस्तक पुरतं वाचलेलं नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. अकोल्यात बसून तुमच्या यादीत ‘धग’ कशी नाही? उद्धव शेळक्यांची, १९६० ची, तुमच्याच वऱ्हाडातली. शिंप्याचं घर, नवरा महादेव खचत जाणारा, आणि सगळा संसार ओढणारी कौतिक. संवाद अस्सल वऱ्हाडी. पुण्यामुंबईच्या वाचकाला ते अडखळत वाचावे लागतात, तुमच्या गटात निम्म्या जणींची माहेरची भाषा निघेल. काकूंचं माहेर त्या बाजूचं असेल तर कौतिकचे संवाद त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. माझं स्वतःचं मत असं की शेळके कौतिकच्या वाट्याला संकटं लावतात ती थोडी जास्तच, वाचणाऱ्याला मधे श्वास घ्यायला एखादा बरा दिवस हवा होता. तुम्हाला तसं वाटतं का, आणि वाटलं तर कोणत्या पानाला, ते कळवा.